‘मी’पणाचें ओझें



संत तुकारामांची पालखी आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांतून पंढरीस जाते, हें तुम्ही दरवर्षीं पाहतां. हा सोहळा त्यांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं देहूहून सुरू केला. काटेवाडीस परीट बंधु पालखीपुढें धोतरांच्या पायघड्या अंथरतात, बेलवाडीस गोल रिंगण होतें, आणि इंदापूर मागें टाकून पालखी सराटीस नीरेच्या कांठीं येते.

या वाटेवरील एक साधी गोष्ट नीट न्याहाळा. दोन वारकरी भेटले कीं ते एकमेकांच्या पायांस हात लावतात. वय, धन, पदवी कोणी विचारीत नाहीं. हाक एकच : ‘माऊली’. घरीं कोणी पाटील असेल, कोणी शेतमजूर. वाटेवर तें नांव जणूं गळून पडतें.

नांव गळल्यानें माणूस नाहींसा होतो काय? मुळींच नाहीं. विणेकरी वीणा सांभाळतो, टाळकरी टाळ धरतो, कोणी तहानेल्यास पाणी देतो. काम राहतें; ‘हें मीं केलें’ ही दवंडी तेवढी थांबते. ती थांबली म्हणजेच आपल्या अंतरांत खरोखर कोण आहे, तें उमगूं लागतें. रिंगणांत दोन अश्व धांवतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, तो देवाचा. आपण जागा मोकळी केल्यावांचून तेथें देव तरी कसा बसावा?

परंतु हा धडा सोपा नव्हे. चौदाव्या शतकांतील संत चोखामेळा यांची समाधि पंढरीस महाद्वाराबाहेर आहे. जन्मावरून त्यांस आंत प्रवेश नव्हता. वाटेवर सर्वांस माऊली म्हणणारा समाज मंदिराच्या उंबरठ्यावर शतकानुशतकें जात विचारीत राहिला. मे १९४७ मध्यें साने गुरुजींनीं उपोषण आरंभिलें, त्यानंतर तें दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडलें. यावरून कळतें कीं, नांव विसरणें सोपें, नांवाबरोबर आलेला मोठेपणा सोडणें कठीण. ज्यास मान कधीं लाभलाच नाहीं, त्याला मीपणा सोडण्याचा उपदेश करणें हा अन्याय होय. आधीं सोडावें तें मान बळकावून बसलेल्यानें.

मुलांनो, या आठवड्यांत एखाद्याचें असें एक काम करा कीं, तें कोणीं केलें हें कोणास कळूं नये. मग ‘सांगूं का?’ अशी मनांत ओढ लागेल. ती ओढ म्हणजेच तो ‘मी’, त्यास ओळखा. आणि पालकहो, कितवा नंबर आला हें पुसण्यापूर्वीं, ‘आज कोणाच्या उपयोगीं पडलास?’ असें एकदां पुसून पाहा.