सोबत हरायचे खेळ

चार-पाच वर्षांच्या लेकराला घेऊन लुडो खेळलेल्या प्रत्येक घराला त्या डावाचा शेवट माहीत आहे. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मेली की पट उधळला जातो, सोंगट्या दिवाणाखाली जातात आणि मोठी बहीण ओरडते, ‘ह्याला घेऊच नका खेळायला.’ मग पुढच्या वेळी वडील मुद्दाम हरतात. धाकटा खूश होतो, मोठी फुगते आणि थोड्याच दिवसांत धाकट्यालाही कळतं, की बाबा खोटं खेळतात.

‘आमच्याला हार पचतच नाही,’ असं आपण शेजारणीला सांगतो. पचणार कशी? ह्या वयात ‘माझी सोंगटी मारली’ आणि ‘मला मारलं’ यांत फारसं अंतर नसतं. आणि मारणारा कोण, तर ज्याच्या मांडीवर बसून ते लेकरू जेवतं, तोच माणूस. देवांचंही काही वेगळं नाही म्हणा. वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. लोककथेत तर शंकर त्या डावात सगळं हरतात, रुसून रानात निघून जातात आणि त्यांना परत आणायला पार्वतीला भिल्लीण व्हावं लागतं. कैलासावर ही गत, तर कळंब-भूमच्या चार वर्षांच्या पोराकडून आपण किती समजुतीची अपेक्षा धरायची?

म्हणून आई-बाबांनो, आज वेगळ्या तऱ्हेच्या पटावरच्या खेळांबद्दल बोलू या. ह्यांत सगळे खेळणारे एकाच बाजूला असतात. समोर माणूस नसतो. असतो एखादा कावळा, एखादं मांजर, नाहीतर उगवणारा सूर्य. जिंकलं तर सगळं घर जिंकतं, हरलं तर सगळं घर हरतं. ह्यांना सहकारी खेळ म्हणतात.

हे ऐकलं की बहुतेक बाबा लगेच म्हणतात, ‘पण जग स्पर्धेचं आहे. असे लाडाचे खेळ खेळून पोरगं हरायला कधी शिकणार?’ प्रश्न रास्त आहे. पण माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हरायला शिकवायचं असेल तर सहकारी खेळच आधी आणा. लुडोत लेकरू हरतं तेव्हा ते एकटं हरतं, आणि जिंकलेला माणूस त्याला समजावत असतो, ‘अरे, खेळ आहे, एवढं काय!’ जिंकलेल्यानं सांगितलेलं शहाणपण मोठ्यांनाही झोंबतं. सहकारी खेळात बाप लेकराच्या शेजारी बसून खरोखर हरतो. हरल्यावर तो कपाळाला हात लावतो, ‘थोडक्यात गेला राव!’ म्हणतो, हसतो आणि पानं पिसायला घेतो. हरल्यावर काय करायचं असतं, हे त्या लेकराला पहिल्यांदाच बघायला मिळतं. हे सांगून येत नाही.

ह्यातूनच निवडीची पहिली परीक्षा निघते: त्या खेळात हरता आलं पाहिजे. ‘सहकारी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या काही खेळांत शेवटी सगळे जिंकतातच, वेळ कितीही लागो. असे खेळ घेऊ नका. दोनदा खेळल्यावर लेकरूच कंटाळतं, आणि त्याचं बरोबर असतं.

हे खेळ काही काल-परवाचे नाहीत. कॅनडात जिम डिकोव्ह यांनी १९७२ मध्ये ‘फॅमिली पास्टाइम्स’ नावानं फक्त सहकारी खेळ बनवायला सुरुवात केली. त्यांचा ‘मॅक्स’ हा खेळ लहान मुलांसाठी आजही उत्तम म्हणावा असा आहे. पाखरू, उंदीर आणि खारीसारखा एक प्राणी घरी पोचवायचे; मागं मॅक्स नावाचं मांजर लागलेलं. मांजर वाईट नाही, ते मांजर आहे एवढंच. ते फार जवळ आलं तर खाऊ दाखवून त्याला परत ओट्यावर बोलवता येतं, पण खाऊ मोजकाच. तो आत्ता वापरायचा की पुढं लागेल म्हणून राखायचा, ह्यावर पाच वर्षांची पोरं जी चर्चा करतात ती ऐकण्यासारखी असते.

जर्मनीच्या ‘हाबा’ कंपनीचा ‘ऑर्चर्ड’ १९८६ चा. चार झाडं, प्रत्येकावर दहा फळं आणि एक कावळा. फाशाच्या चार बाजूंना चार रंग, एका बाजूला टोपली, एका बाजूला कावळा. रंग पडला की त्या रंगाचं फळ तोडायचं. टोपली पडली तर आपल्या पसंतीची फळं. कावळा पडला तर कावळ्याच्या चित्राचा एक तुकडा जोडायचा. चित्राचे नऊ तुकडे पूर्ण व्हायच्या आत बाग रिकामी झाली पाहिजे. पुढं कंपनीनं दोन वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या लाकडी फळांचा ‘फर्स्ट ऑर्चर्ड’ काढला. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला रंग ओळखणं, पाळी थांबणं आणि फळ टोपलीत टाकणं एवढंच काम पुष्कळ असतं.

पण ह्या खेळात जवळपास सगळं फासाच ठरवतो. लेकराला स्वतः ठरवायला मिळतं ते टोपली पडल्यावरच. म्हणून साडेचार-पाचच्या पुढं तो पुरत नाही. तिथून पुढं खेळ घेताना एकच गोष्ट ताडून बघा: माझ्या पाळीला मला काही ठरवायचं आहे का? दोन गोष्टींतली एक निवडायची आहे का? नसेल, तर आपण नुसते फासा टाकणारे हात. ‘हूट आउल हूट’ ह्या अमेरिकन खेळात घुबडाची पिल्लं सूर्य उगवायच्या आत घरट्यात पोचवायची असतात. तिथं फासा नाहीच. प्रत्येकापुढं तीन रंगीत पानं उघडी मांडलेली असतात. कोणतं पान खेळायचं आणि कोणत्या घुबडाला पुढं न्यायचं, हे पाळी असलेल्यानं ठरवायचं. अक्षरओळख लागत नाही, त्यामुळे बालवाडीतलं पोर आणि न वाचणारी आजी बरोबरीनं खेळू शकतात. आपल्याकडे दिवाळीनंतर ज्या घरांतले आई-बाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, त्या घरांसाठी हा मुद्दा लहान नाही.

आता तुम्ही म्हणाल, धाराशिवच्या बाजारात हे डबे मिळायचे कुठं? दुकानात लुडो, सापशिडी, व्यापार आणि कॅरम. परदेशी खेळ मागवले तर महाग पडतात, आणि डब्यावरच्या घुबडाशी आपल्या लेकराचं काही नातंही नसतं. मग खेळ घरीच करा. मी सुचवतो तो येळवसीचा.

येळवस आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या लातुरात वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव वावरात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, खीर, आंबील, आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवू घालणं. सगळ्यांनी मिळून करायचा सण, म्हणून ह्या खेळाला तो शोभतो. पुठ्ठ्यावर घरापासून कोपीपर्यंत ३६ घरांची वळणावळणाची वाट काढा आणि सहा रंग एकाआड एक भरत जा. जुन्या लग्नपत्रिका कापून ५० पानं करा: प्रत्येक रंगाची ६, म्हणजे ३६, आणि १४ पानांवर सूर्य. वर १३ घरांची आभाळाची पट्टी. सूर्य तिच्यावरून मावळतीकडे सरकणार. बाटल्यांच्या झाकणांवर चित्रं चिकटवली की भज्जीचं पातेलं, उंड्यांची दुरडी, खिरीचं भांडं आणि आंबिलीचं बिंदगं तयार. ही चारही सूर्य मावळायच्या आत कोपीवर पोचली पाहिजेत.

प्रत्येकापुढं तीन पानं उघडी. आपल्या पाळीला एक रंग खेळायचा आणि कोणतंही एक भांडं त्या रंगाच्या पुढच्या घरावर न्यायचं. तिथं आधीच दुसरं भांडं असेल तर ओलांडून त्याच रंगाच्या त्यापुढच्या घरावर. खेळून झालं की नवं पान उचलायचं. हाताशी सूर्याचं पान असेल तर मात्र तेच खेळायचं, सूर्य एक घर पुढं. ओलांडायची ही युक्ती पोरांना सापडते तो दिवस बघण्यासारखा असतो. मग ती भांडी मुद्दाम एकामागं एक लावायला लागतात. पहिल्यांदा तीनच भांडी घ्या. सवय झाली की चार, पुढं पाच. चारच्या पुढं हरणं वाढतं, आणि ते वाढू द्या.

एवढा उद्योग नको असेल तर घरातली सापशिडी काढा. सगळ्यांच्या मिळून दोन सोंगट्या. ज्याची पाळी त्यानं फासा टाकायचा आणि कोणती सोंगटी न्यायची ते ठरवायचं. बाजूला वाटीत साठेक चिंचोके. दर फाशाला एक बाहेर. वाटी रिकामी व्हायच्या आत दोन्ही सोंगट्या शंभरावर. एवढ्या एका बदलानं नशिबाचा खेळ विचाराचा होतो, कारण एका सोंगटीपुढं साप असला तर दुसरी नेता येते. सोंगटी सरकवताना घरावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. म्हणजे बारावरून तीन घरं जाताना ‘एक, दोन, तीन’ न म्हणता ‘तेरा, चौदा, पंधरा’. गीता रामाणी आणि रॉबर्ट सीगलर ह्या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांमध्ये आकड्यांच्या सरळ पट्टीवरचा साधा खेळ मुलांना थोडाच वेळ खेळायला दिला, तर मुलांची संख्यांची समज वाढलेली दिसली. आकडेच नसलेल्या, नुसत्या रंगांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही.

फाशाऐवजी कवड्या वापरायच्या असतील तर तुळजापुरात माळांच्या दुकानांत मिळतील. उताण्या किती पडल्या ते मोजायचं. फक्त तीन वर्षांखालचं लेकरू घरात रांगत असेल तर कवड्या, चिंचोके, बारीक सोंगट्या हे सगळं डाव संपताच उंच फळीवर. घशात अडकायला एक चिंचोका पुरतो. विकतचं खेळणं घेताना आयएसआयची खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत गेलात तर ‘जादुई पिटारा’ची चौकशी करा. केंद्र सरकारनं २० फेब्रुवारी २०२३ रोजी ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तो आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या असं साहित्य त्यात आहे. कुठं कुठं अशा पेट्या ‘पोरं खराब करतील’ म्हणून कपाटात कुलपात असतात. पालकसभेत विचारायला लाजू नका.

अशा खेळांनी मारामाऱ्या कमी होतात का, हेही लोक विचारतात. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्गांतली, चार-पाच वर्षांची ७० मुलं. सहकारी खेळांच्या दिवसांत त्यांचं एकमेकांना मदत करणं वाढलं आणि मारणं-ढकलणं कमी झालं. स्पर्धेच्या खेळांच्या दिवसांत उलटं झालं. एका अभ्यासावरून पोर संत होईल असं मी म्हणणार नाही. गोरोबाकाकांचं तेर इथून जवळ असलं तरी नाही!

ह्या खेळांचा खरा शत्रू कावळा नव्हे, आपण आहोत. सगळे एका बाजूला आले की सगळ्यांत हुशार माणूस सगळ्यांचे डाव खेळायला लागतो. ‘लाल खेळ, लाल! अगं भज्जी ने ना पुढं!’ असं सुरू झालं की लेकरू नुसतं हमाल उरतं, हुकूम आला की झाकण सरकवणारं. म्हणून नियमच करा: पाळी ज्याची, शब्द शेवटचा त्याचा. त्यानं विचारल्याशिवाय सल्ला नाही. विचारलं तरी आधी ‘तुला काय वाटतं?’ म्हणा. त्यानं चुकीचं पान खेळलं आणि त्यामुळे घर हरलं, तर ‘मी म्हटलं होतं’ हे तीन शब्द गिळायचे. बाबांना हे जड जातं. आजीला सहसा जमतं. आठ-नऊ वर्षांची ताई असेल तर तिच्याकडेही लक्ष ठेवा, हुकूम सोडण्यात ती तुमच्याही पुढं असते. तिला सूर्य सरकवायचं आणि पानं पिसायचं काम दिलं की जरा आवरते.

सहा-सातच्या आसपास लेकरू स्वतःहून म्हणेल, ‘आता मला तुम्हाला हरवायचंय.’ तेव्हा काढा चल्लस-आठ, काढा कॅरम. खुशाल खेळा, आणि खरं खेळा. स्पर्धेच्या खेळांशी माझं भांडण नाही. दहाच्या पुढं सहकारी खेळांतही ‘फॉरबिडन आयलंड’सारखे चांगले अवघड खेळ आहेत, ज्यांत मोठ्यांचाही घाम निघतो.

आणि शेवटची एक अडचण, जी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच येईल. सूर्याचं पान हातात आलं की लेकरू ते हळूच मांडीखाली सरकवील. ओरडू नका, ते कुणाला फसवत नाहीये, सगळ्यांना वाचवतंय. पान बाहेर काढून सगळ्यांपुढं ठेवा आणि विचारा, ‘पुढच्या डावापासून हे पान काढून टाकायचं का? सगळ्यांना चालेल?’ चाललं तर पुढच्या डावापासून सूर्याचं ते एक पान कमी करा, तो झाला घरचा नियम. पण चालू डावात नाही. ह्या डावात सूर्य एक घर पुढं जाणारच, आणि ते घर लेकराच्याच हातानं सरकवून घ्या.