लाडू तू खा, नवऱ्याची आधी तपासणी कर

अगं, आईने पाठवलेले अळिवाचे लाडू तू नवऱ्याला रोज एक देतेस, थकवा जावा म्हणून, हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. थकवा म्हणजे रक्त कमी, हे आपल्या घरातलं गणित. पण तुझा नवरा आयरिश आहे, राणी. इथे आयर्लंडमध्ये साधारण ८३ माणसांमागे एकाच्या अंगात लोह साठवणाऱ्या जनुकदोषाच्या दोन्ही प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून.

आमच्याकडे चार वर्षं 'कामाचा ताण' म्हणून गेली. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना माझा नवरा कळवळायचा. तर्जनी आणि मधलं बोट, त्यांच्या मुळाचे सांधे सुजलेले. तुझ्या नवऱ्याची तीच बोटं दुखतात, म्हणालीस ना?

आपलं यकृत आतड्याला 'आता लोह पुरे' असा निरोप धाडतं. हा दोष असलेल्यांत तो निरोपच कमी पडतो. आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. मग ते यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात, सांध्यांत साठत राहतं. वेळेत धरलं नाही तर लिव्हर सिरॉसिस, मधुमेह.

म्हणून सकाळी उपाशीपोटी दोन तपासण्या करून घे: फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन. एकट्या फेरिटिनवर जाऊ नको, ते फॅटी लिव्हरनेही वाढतं. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर आलं, तर जनुकाची तपासणी माग. तोवर लोहाच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद. कच्चे ऑयस्टरही नकोत. लोखंडी कढई मात्र राहू दे, आजार तिच्यामुळे होत नाही.

उपचाराला घाबरू नको. रक्त काढतात, बस. एका वेळी अर्ध्या लिटरच्या आतबाहेर, त्यातून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे वर्षातून तीन-चारदा. पहिल्या दिवशी ती गडद लाल पिशवी भरताना मी टक लावून बघत होते, आणि हा शांत झोपला होता.

बाळाची काळजी नंतर. दोष निघालाच तर आधी तुझं जनुक तपासू. आपल्या लोकांत हा दोष फार विरळ, त्यामुळे बाळ बहुधा नुसतं वाहक असेल. पण नणंदेला सांगायलाच हवं. सख्ख्या भावंडांत चारातल्या एकाला तोच धोका असतो, आणि पाळीत लोह वाहून जात असल्याने बायकांचं उशिरा कळतं. तुला अवघड वाटत असेल, तर तिला फोन मी करते.