निळ्या टोपीचे शिपाई

फिजी हा पॅसिफिक महासागरातील छोटा देश आहे. त्याची लोकसंख्या आपल्या सोलापूर शहरापेक्षाही कमी आहे. तरी १९७८ साली त्याने लेबनॉनमधील शांतिसेनेत आपले जवान पाठवले.

शांतिसेना संयुक्त राष्ट्रसंघाची असते. तिच्यासाठी लहानमोठे देश आपापले सैनिक देतात. निळी टोपी ही त्यांची खूण. भांडणाऱ्या दोन पक्षांच्या मध्ये ते उभे राहतात. हाती बंदूक असते, पण ती सहसा चालवायची नसते. म्हणून हे काम फार अवघड आहे.

१९९६ साली काना गावी शेकडो गावकरी फिजीच्या छावणीत आश्रयाला आले होते. छावणीवर इस्रायलचे तोफगोळे पडले. शंभराहून अधिक गावकरी मरण पावले. फिजीचे जवानही जखमी झाले. तरी फिजीचे सैनिक २००२ पर्यंत लेबनॉनमध्ये राहिले.

या कामाशी आपल्या मराठा पलटणीचेही नाव जोडलेले आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी सतीश नंबियार १९९२ साली युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झाले. तेव्हा सारायेव्हो शहराला वेढा पडला होता. शांतिसेनेने तेथील विमानतळ ताब्यात घेतला आणि शहरात अन्न व औषधे पोहोचू लागली.

सांगा पाहू : बंदूक हाती असून ती न चालवणे अवघड का असते?