रात्रीच्या रानातील शोध

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. पूर्वेकडे, नारायणगाव-मंचरच्या बाजूस, उसाची आणि भाजीपाल्याची शेते दूरवर पसरली आहेत. पश्चिमेकडे मात्र सह्याद्रीचा घाटमाथा उभा आहे. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकराचे अरण्य ही सारी याच माथ्यावरची स्थळे. उन्हाळाभर येथील भूमी मुकी असते. मृगाचा पाऊस कोसळला की ती एका रात्रीत बोलू लागते. दिवेलागण झाली, की भातखाचरांतून, ओढ्यांच्या काठांवरून आणि करवंदीच्या जाळ्यांतून असंख्य आवाज उठतात. कोणाचा आवाज घसा खरडल्यासारखा, कोणाचा कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा, तर कोणाचा दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा. हे सारे गायक म्हणजे बेडूक, आणि त्यांतही बहुतेक नर.

युरोपातही काही माणसे पावसाळी रात्री हाती दिवा घेऊन अशीच रानात शिरतात. ती शोधतात अग्नि-सॅलमँडर नावाचा प्राणी. आकार पालीसारखा, कातडी काळीभोर व ओलसर, आणि तिच्यावर पिवळेधमक डाग. दिवसा हा प्राणी कुजक्या ओंडक्यांखाली दडून बसतो. पूर्वी असा ओंडका चुलीत घातला, की बिचारा जीव वाचवण्यासाठी बाहेर धावे आणि पाहणाऱ्यास वाटे, की हा आगीतूनच जन्मला! हा प्राणी इतका थंड असतो, की नुसत्या स्पर्शाने आग विझवतो, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे. विद्वानाच्या लेखणीतूनही ऐकीव गोष्ट कशी वाहत जाते, याचा हा मासला होय.

सॅलमँडरचे नातलग भारतात पूर्व हिमालयात, दार्जिलिंगच्या बाजूस, आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतात. सह्याद्रीत ते नाहीत. परंतु उभयचर प्राण्यांचे तीन मोठे गट आहेत : सॅलमँडर, बेडूक आणि देवगांडूळ. यांपैकी शेवटचे दोन सह्याद्रीत विपुल आहेत. ओलसर कातडी, अंधाराची आवड आणि पावसाची वाट पाहणे हे गुण तिघांतही सारखेच.

रात्रीचा शोध हे एकट्याचे काम नव्हे. भीमाशंकरचे अरण्य १९८५ पासून अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून रात्री जाता येत नाही. जुन्नरच्या उसात तर बिबट्यांचा वावर आहे. म्हणून अभ्यासक तीन-चार जण मिळून निघतात आणि सोबत गावातला एखादा माहीतगार घेतात. या भागातील महादेव कोळी समाजाच्या वडीलधाऱ्यांना कोणता ओढा केव्हा वाहू लागतो आणि कोणत्या कातळावर पाय घसरतो, हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पायांत उंच गमबूट हवेत; कारण बेडूक जेथे जमतात, तेथे त्यांच्या मागावर साप येतात. पाचोळ्यात फुरसे आणि फांदीवर हिरवा चापडा असू शकतो. हात जेथे ठेवायचा, तेथे आधी उजेड टाकायचा, हा पहिला नियम.

दुसरा नियम याच्या उलट आहे : शोधायचे असेल तर दिवा विझवावा. उजेड पडताच जवळचे बेडूक गप्प होतात. अंधारात स्तब्ध उभे राहिले, की पाच-दहा मिनिटांत एकेक आवाज पुन्हा सुरू होतो. दोघांनी दोन बाजूंनी कानोसा घ्यावा आणि आवाजाकडे बोट दाखवावे. दोन्ही बोटांच्या रेषा जेथे मिळतात, तेथे बेडूक. मग विजेरी लावली, की पाण्याच्या कडेला त्याचे डोळे चमकतात. कोळ्यांचे डोळेही चमकतात, त्यामुळे नवख्याची अर्धी रात्र कोळी मोजण्यात जाते. भीमाशंकरच्या रानात दिवा विझवण्याचे आणखी एक बक्षीस मिळते. भर पावसाळ्यात तेथील काही कुजकी लाकडे एका बुरशीमुळे हिरवट प्रकाशाने उजळतात.

खाचरात सर्वप्रथम दिसतो तो मोठा बेडूक, ज्याला सारे गाव ओळखते. एरवी मातकट-हिरवा असणारा हा नर पहिल्या पावसात लिंबासारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्याशी दोन निळे फुगे फुगतात. झुडपांत मात्र अंगठ्याच्या पेरापेक्षा फारसे मोठे नसलेले बेडूक राहतात. त्यांच्यापैकी एका जातीला २०१३ साली पुण्याचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव देण्यात आले. ‘बेडकाची पिल्ले पाण्यात वाढतात’ असे सर्वांना पाठ असते. पण या कुळातील बेडूक तो पाठ खोटा ठरवतात. त्यांच्यात बेडूकमासा नसतोच. ओलसर जागी घातलेल्या अंड्यांतून थेट इवलासा, चार पायांचा बेडूक बाहेर पडतो. अशा अंड्यांना डबके लागत नाही, ओलावा मात्र सतत लागतो. म्हणूनच आहुप्यासारख्या देवरायांची दाट सावली आणि न झाडलेला पाचोळा त्यांच्यासाठी मोलाचा.

सह्याद्रीच्या उत्तर भागातील आणखी एका बेडकाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९५५ मध्ये निसर्ग-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या नावाने या जातीचे नामकरण झाले. हा बेडूक ओढ्याकाठी रात्रीच वावरतो. कोयनेजवळील हुंबरळी गावाशेजारी संशोधकांनी दोन-तीन पावसाळ्यांत मिळून चाळीस रात्री त्याच्यावर पाळत ठेवली. इतर बहुतेक बेडकांत नर मादीला घट्ट धरून ठेवतो. हा नर तिला न धरता पानावर हात टेकून उभा राहतो आणि तिने अंडी घालण्यापूर्वीच निघून जातो. मादीही साद घालते, असे तेथे आढळले. अंडी पाण्यावर झुकलेल्या पानांवर असतात. पिल्ले बाहेर पडली, की टपकन खालच्या पाण्यात पडतात. हे सारे २०१६ मध्ये जगापुढे आले. बेडूक शतकानुशतके तेथेच होता; रात्री जागणारी माणसे उशिरा आली.

याहून दुर्मीळ दर्शन देवगांडुळाचे. पाय नाहीत, अंगावर वळ्यांवर वळ्या, डोळे जेमतेम दिसणारे. पाहणारा त्याला गांडूळ तरी समजतो किंवा साप तरी. पण याला जबडा आहे, दात आहेत, पाठीचा कणा आहे. तो स्वतःच गांडुळे खातो आणि विषारी मुळीच नाही. १९६० साली एडवर्ड टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने पुणे जिल्ह्यातीलच खंडाळ्याच्या एका देवगांडुळाचे वर्णन प्रसिद्ध केले. या प्राण्यांच्या काही जातींत मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते. नांगरताना किंवा बांध खणताना तो वर आला, की साप समजून अनेकदा ठेचला जातो.

उभयचरांवर माणसाचे घाव पूर्वीही पडले आहेत. बेडकांच्या तंगड्या एके काळी भारतातून दरवर्षी हजारो टन परदेशी जात. हे बेडूक शेतातील किडी खातात, हे अब्दुलअलींनी वारंवार सांगितले. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. आता एक सूक्ष्म शत्रू आला आहे. हॉलंडमध्ये २०१० पासून अग्नि-सॅलमँडर मरू लागले आणि तीन वर्षांत शंभरांतील जेमतेम चार उरले. कारण होते कातडी पोखरणारी एक बुरशी. पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती आशियातून तेथे गेली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. बेडकांना छळणारी तिची एक बहीणही जगभर पसरली आहे. अशा बुरशीचे बीज पाण्यातून आणि बुटांना लागलेल्या चिखलातूनही प्रवास करते.

म्हणून जाणता शोधक बेडकाला हात लावत नाही. उचललेला दगड तो होता तसाच, त्याच कुशीवर ठेवतो. वहीत तारीख, वेळ, पावसाचा जोर आणि ऐकलेला आवाज एवढे टिपून घेतो. आणि दुसऱ्या ओढ्याकडे निघण्यापूर्वी, मध्यरात्र का असेना, बुटांचा चिखल घासून काढतो, त्यांवर जंतुनाशक औषध लावतो आणि ते कोरडे होईपर्यंत वाट पाहतो.