धातूंचे क्षार आणि कोवळीं रोपें

झाडांच्या वाढीस धातु लागतात, हें ऐकून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. परंतु पानांतील हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूंत मॅग्नेशियम असतें. तांबें व जस्त हींहि हवींत, मात्र अगदीं लेशमात्र. हे धातु क्षाररूपानें पाण्यांत विरघळून मुळांवाटे झाडांत जातात. त्यांचें प्रमाण बिघडलें कीं पहिला तडाखा रोपांस बसतो. कारण त्यांचीं मुळें वरच्या वीतभर मातींतच असतात.

कृष्णेचा उगम जेथें आहे त्या महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्यानें जांभ्या मातींतील चुन्याचा अंश धुऊन जातो, माती आम्ल होते आणि अॅल्युमिनियम विरघळून मुळांचीं टोंकें खुंटवितें. तेथील अंजनास मात्र परमेश्वरानें वेगळीच शक्ति दिली आहे: तें झाड हा धातु पानांत सांठवून खुशाल वाढतें!

नदीबरोबर सांगलीकडे उतरावें तों प्रकार उलटा. तेथें पाऊस थोडा, माती काळी व चिकण. वाळवा, मिरज या तालुक्यांत उसास बेसुमार पाणी दिल्यामुळें जमिनीखालचें पाणी वर चढलें. तें उन्हानें उडून गेलें व सोडियमचे क्षार मात्र वर राहिले. अशा क्षारपड जमिनींत रोपाची स्थिति मोठी चमत्कारिक होते. भोंवतीं ओल असून तें तहानेनें सुकतें; कारण मातींतील पाणी फार खारट झालें कीं मुळांस तें ओढून घेतां येत नाहीं. जें सोडियम आंत शिरतें तें पोटॅशियमची जागा बळकावतें, आणि पानें टोंकांकडून करपूं लागतात. शिवाय चिकणमातीचे कण विखरून छिद्रें बुजतात व जमीन चोपण बनते. मग मुळांस हवाहि मिळत नाहीं.

यावर उपाय आहे तोहि एका धातूच्या क्षाराचाच. जिप्सममधील कॅल्शियम मातींतून सोडियमास हुसकून देतें. परंतु तें पाण्यावाटे शेताबाहेर जाण्यास चर हवेत. चर न खणतां नुसतें जिप्सम पसरणें म्हणजे, आमच्या मतें, पैसे मातींत घालणें होय. तोंवर बांधावर आंब्याऐवजीं करंज किंवा बाभूळ लावावी. तीं खारटपणा पुष्कळ सोसतात.

तासगांवच्या द्राक्षबागांत मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारतात. त्यांतील तांबें पावसानें सहसा वाहून जात नाहीं, वरच्या थरांतच सांचतें. बाग मोडून तेथें दुसरीं रोपें लावणाऱ्या पालकांनीं आधीं मातीची परीक्षा करून घ्यावी, हें बरें.

विद्यार्थ्यांनीं घरीं दोन कुंड्यांत आंब्याच्या कोया लावाव्या. रोपांस पानें फुटल्यावर एका कुंडीस साधें पाणी द्यावें, दुसरीस लिटरभर पाण्यांत लहान चमचाभर मीठ विरघळून तें द्यावें, आणि कोणतें पान कोणत्या दिवशीं टोंकाकडून करपलें तें वहींत टिपावें.