प्रारंभिक पुस्तिकेची रचना : ग्वाल्हेरचा धडा

ग्वाल्हेर येथे १९१८ साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या शिक्षणक्रमामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची योजना होती. त्यासाठी राजाभैया पूछवाले आदी स्थानिक गायकांना प्रथम मुंबईस पाठविण्यात आले. ही मंडळी गाण्यात तयार होती. त्यांना शिकावयाची होती ती नवी स्वरलेखनपद्धती आणि पाठ देण्याचा क्रम.

भातखंडे यांच्या सहा भागांच्या ग्रंथमालेच्या नावातच ‘क्रमिक’ हा शब्द आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, अशी मोजकी चिन्हे आधी सांगून मग पाठ सुरू होतात. त्यांतील लक्षणगीत विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. रागाची लक्षणे त्या गीताच्या शब्दांतच गुंफलेली असल्याने विद्यार्थी राग गाता गाताच त्याचे नियम शिकतो.

पुस्तिकेच्या रचनेचा हाच प्रश्न आज संगणकाच्या क्षेत्रात उभा आहे. संकेतस्थळ उभारण्यास तयार सांगाडा देणाऱ्या साधनांस वेब फ्रेमवर्क म्हणतात. त्यांपैकी ‘जँगो’ हे मुक्त-स्रोत साधन २००५ साली सर्वांस खुले झाले. (जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचे नाव त्यास दिलेले आहे; ग्वाल्हेरकरांस हे रुचावे.) परंतु संहिता खुली झाली म्हणजे विद्या खुली झाली असे नव्हे. पहिल्याच पानावर अडलेला विद्यार्थी बहुधा तक्रार करीत नाही. तो निमूटपणे निघून जातो.

जँगोच्या प्रारंभिक पाठात मतदानाचे एक छोटे संकेतस्थळ उभारावयाचे असते. पहिल्या भागातच एक ओळ पडद्यावर उमटते. माहितीसाठ्याचा विषय दुसऱ्या भागात येतो. हा क्रम उत्तम होय. लिनक्स व विंडोज यांच्या आज्ञाही वेगवेगळ्या दाखविलेल्या आहेत. तरीही पाठ लिहिणाऱ्यास क्षुल्लक वाटणाऱ्या जागीच नवखा अडखळतो. आज्ञेच्या आरंभी छापलेले डॉलरचे चिन्ह टंकलिखित करावयाचे नसते, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. माहितीसाठ्याचे तक्ते तयार करणारी आज्ञा राहून गेली की ‘असा तक्ता नाही’ एवढाच संदेश झळकतो आणि चूक कोठे झाली ते उमगत नाही. अशा ठिकाणी आणखी एक प्रकरण जोडून उपयोग नाही. त्याच पायरीवर, तो संदेश जसाच्या तसा देऊन, उपाय सांगितला पाहिजे.

२०१४ साली बर्लिन येथे आरंभ झालेल्या ‘जँगो गर्ल्स’ उपक्रमाच्या पाठमालेत इंटरनेट म्हणजे काय, येथपासून सुरुवात आहे. जाणत्यास हे पाल्हाळ वाटेल, पण ती पुस्तिका त्याच्यासाठी नाहीच.

जँगोची पुस्तिका मूळ संहितेबरोबरच ठेवलेली असते आणि तीत दुरुस्ती सुचविण्याची मुभा कोणासही आहे. नवख्यास दिसणारी उणीव आठवड्याभराच्या सरावानंतर त्याला स्वतःलाच दिसेनाशी होते. म्हणून विद्यार्थ्याने अडलेली जागा, दिलेली आज्ञा व आलेला संदेश त्याच दिवशी टिपून ठेवावा आणि दुरुस्ती सुचविताना हे टिपण सोबत जोडावे.