रक्ताचे आकडे सुधारले, तरी गोळी सोडू नका

'रक्त कमी आहे' म्हटले की आपल्याकडे लोहाच्या गोळ्या, बीट, गूळ-शेंगदाणे सुरू होतात. बहुतेकांना त्याचा फायदाही होतो. परंतु अप्लास्टिक ॲनिमिया या गंभीर आजारात त्याचा उपयोग नाही.

यात हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशींचा कारखानाच बंद पडत जातो. तांबड्या पेशी घटल्याने थकवा व धाप, पांढऱ्या पेशी घटल्याने वारंवार ताप, तर प्लेटलेट घटल्याने हिरड्यांतून रक्त येणे किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके ही लक्षणे दिसतात. बहुतांश रुग्णांत स्वतःची प्रतिकारशक्तीच मज्जेवर उलटलेली असते.

रुग्ण तरुण असून भावंडाची मज्जा जुळली तर मज्जारोपण उत्तम. एरवी प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी एटीजीची इंजेक्शने व सायक्लोस्पोरिन देतात. काही महिन्यांत अनेकांचे रक्त सुधारते. मात्र त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आजार उलटतो.

मग सायक्लोस्पोरिन जास्त दिवस दिले तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ६७ रुग्णांवर हे तपासले. पूर्वी तेथे ६ महिन्यांनी औषध थांबवत. या वेळी ६ महिन्यांनंतर पुढील १८ महिने मात्रा हळूहळू कमी केली. पूर्वीच्या रुग्णांशी तुलना करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: आजार उलटणे सुमारे वर्षभर लांबले, पण टळले नाही.

वाचकहो, यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, औषध केव्हा व किती कमी करायचे हे रक्तविकारतज्ज्ञच ठरवतील. आकडे सुधारले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. दुसरी, औषध संपले तरी रक्ततपासणी सुरूच ठेवावी. आजार उलटल्याचे वेळीच कळले, तर औषध पुन्हा सुरू करून अनेकांना आराम पडतो.

सायक्लोस्पोरिनने रक्तदाब वाढू शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो, हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते. म्हणून रक्तदाब व क्रिएटिनिन नियमित तपासावे. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नये. क्षयरोगाचे रिफॅम्पिसिन या औषधाचा परिणाम घटवते. तेव्हा कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी चालू औषधांची चिठ्ठी आधी दाखवावी. ताप किंवा रक्तस्राव झाल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.